आटत्या हत्तीचं प्रकरण

“लिहा, जवाईबापू,” लीलाधर अप्पांनी झोपाळ्याला पायानं रेटा दिला आणि डोळे मिटले. “ज्याची नजर चाळणीसारखी आहे...”

“चाळणीला भोकं असतात, अप्पा,” योगेश म्हणाला.

“असणारच. निरपराध माणसं त्यातून खाली जातात. वर उरतो तो खडा, म्हणजे गुन्हेगार. लिहा. ज्यानं तेहेतीस वर्षं सरकारी वजनमापं तपासली, ज्याच्या नुसत्या चाहुलीनं बुऱ्हाणपूरच्या बाजारातले तराजू सरळ होऊन उभे राहायचे, जो शांत असतो तेव्हा तापीसारखा गंभीर दिसतो आणि खवळतो तेव्हाही दिसायला तसाच दिसतो, कारण त्याचं खवळणं आतून असतं, आणि जो एकदा हात धुऊन मागे लागला की गुन्हेगारानं बिछाना गुंडाळून गाव सोडावं... ‘हात धुऊन’च्या खाली रेघ मारा.”

योगेशनं रेघ मारली.

तो दापोऱ्याचा, केळीच्या बागाईतदार घरातला. अप्पांच्या थोरल्या लेकीशी, रंजिताशी त्याचं लग्न झालं तेव्हा सासऱ्याकडून त्याला तीन गोष्टी मिळाल्या. एक घड्याळ, सफारीचं कापड आणि सहायक हे पद. घड्याळ बंद पडलं, कापड पहिल्याच धुण्यात आटलं, पद तेवढं टिकलं. दर शनिवारी तो केळीचा ट्रक भरून, रंजिताला बरोबर घेऊन सासुरवाडीला यायचा. इतर जावयांसाठी सासुरवाडीत पाट मांडतात. याच्यासाठी वही आणि टॉवेल मांडलेला असे.

टॉवेलचं कारण असं, की बाकीचं जग हात धुऊन मागे लागतं ते नुसतं बोलण्यात. अप्पा खरोखर धुवायचे. केस हाती आली की मागच्या बोळीतल्या नळावर जायचे, चष्मा काढून खिशात ठेवायचे, कोपरापर्यंत फेस करायचे, आणि बोळ अरुंद म्हणून दाराबाहेर उभ्या असलेल्या योगेशच्या टॉवेलला हात पुसून म्हणायचे, “आता लागतो मागे.” तर्क चुकला की पुन्हा धुवायचे. फसलेल्या तर्काचा हाताला चिकटा राहतो, असं त्यांचं शास्त्र होतं. आणि अप्पांचे तर्क बरेच असत.

दाराशी सुलभाताई, म्हणजे अप्पांच्या सौभाग्यवती, शिवणयंत्रावर कुणाचं तरी पोलकं उसवत होत्या. त्यांना ओव्या रचायची सवय होती आणि त्या ओव्यांचा विषय बहुतेक करून झोपाळ्यावर बसलेला असे.

“माझ्या गं घरामंदी, आलं कोण हे शोधाया,
चष्मा ठेवून खिशात, लागे चष्मा हुडकाया.”

“ऐकलं मी,” अप्पा म्हणाले.

“ऐकायलाच म्हटली,” सुलभाताई म्हणाल्या. मग जावयाकडे वळून, “जवाईबापू, तुमच्या दापोऱ्याला साबण लवकर संपतो का हो? आमच्या नळावरची हिरवी वडी दीड महिना झाला, आहे तशी आहे. काय घालतात यात, देव जाणे.”

“बायकांना गुन्हेगारी दिसत नाही, वड्या दिसतात,” अप्पा पुटपुटले. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

धाकटी लेक, तेजस्विनी, खाली आली. तिच्या तळहातावर एक पांढरा हत्ती होता आणि डोळ्यांत पाणी. तिच्यामागे तिचे दोन मित्र, चंदन आणि नीलेश, तेरवीला आल्यासारखे उभे होते.

“अप्पा,” ती म्हणाली, “माझा ढोल्या लहान होतोय.”

अप्पांनी झोपाळा थांबवला. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की त्यांना तो खोकल्यानं झाकावा लागला.

“सगळं सांग. काही लपवू नकोस. बापाला नाही, गुप्तहेराला सांगते आहेस असं समज.”

तिनं सांगितलं. माडीवर दर रविवारी दुपारी ही मंडळी एक खेळ खेळत. दोन वर्षं तोच खेळ चालू होता. त्यात चंदन सूत्रधार. तो गोष्ट सांगायचा, बाकीचे गोष्टीतली माणसं व्हायचे, फासे पडायचे आणि फाशांवर कुणाचं काय होणार ते ठरायचं. तेजस्विनीचं माणूस म्हणजे गुंजाबाई, गुंजेएवढी ठेंगणी पण जिभेनं तिखट. आणि ढोल्या हा गुंजाबाईचा हत्ती, तिचा सोबती आणि तिचं वाहन.

“वाहनाचा नियम आहे, अप्पा,” चंदन म्हणाला. घरचे माग होते त्याचे. खांद्यावर नेहमी सुताचा एखादा तंतू असायचा आणि बोलण्यात ताण्यासारखा सरळपणा. “वाहन स्वारापेक्षा निदान एक माप मोठं पाहिजे. लहान स्वाराला मध्यम जनावर चालतं. मध्यम स्वाराला मोठं लागतं. बराबर मापाच्या जनावरावर बसता येत नाही.”

“यात नियम कशाला पाहिजे? घोड्यावर बसणारा घोड्यापेक्षा लहानच असतो.”

“नियम नसला तर नीलेश घोरपडीवर बसतो.”

“एकदा बसलो यार!” नीलेश म्हणाला. तो शाळेत चित्रकला शिकवायचा. “और वो घोरपड मोठी होती.”

“काडेपेटीएवढी होती. त्या दिवसापासून मी ठरवलं, अप्पा, तोंडानं सांगितलेलं माप चालणार नाही. पटावर दिसेल तेच खरं.”

आणि मापं काय होती? बांगड्या. सुलभाताईंची दोन-आठची बांगडी पटावर ठेवायची, तिच्यात जे जनावर मावेल आणि त्याहून लहानीत मावणार नाही ते ‘मोठं’. तेजस्विनीच्या दोन-चारच्या बांगडीत मावेल ते ‘मध्यम’. तिच्या बारशाच्या चांदीच्या वाळ्यात मावेल ते ‘लहान’. त्याच्याही खाली ‘इवलं’ असं एक माप कागदावर लिहिलेलं होतं, पण त्या मापाचं कुणी कधी आलं नाही, म्हणून त्याची बांगडीही नव्हती.

“पहिल्या दिवशी ढोल्या दोन-आठमध्ये कसाबसा बसला होता,” तेजस्विनी म्हणाली. “होळीनंतर दोन-चारमध्ये जायला लागला. म्हटलं चालेल, मध्यम तर मध्यम. आणि आत्ता...” तिनं हातातला वाळा पुढे केला, त्यात हत्ती उभा केला. सोंडेसकट आत. “गुंजाबाई लहान, हत्तीही लहान. आता बसता येत नाही. जगात सगळ्यांची जनावरं खेळता खेळता वाढतात, अप्पा. माझंच आटतंय.”

“आणि उद्या शेवटचा डाव आहे,” नीलेश म्हणाला.

सोमवारी सकाळच्या गाडीनं तेजस्विनी नागपूरला निघाली होती, बँकेतल्या नोकरीवर. उद्याच्या डावात सगळ्यांना पुराची नदी ओलांडून पलीकडच्या राजवाड्यात जायचं होतं. चंदननं दोन महिन्यांपूर्वीच सांगून ठेवलं होतं, की पुरात पायी उतरणारा अलीकडेच राहील. बाकीच्यांकडे वाहनं होती. गुंजाबाई एकटी काठावर राहणार, आणि तिच्याशिवाय गोष्ट संपणार.

“नियम बदला ना, चंदनभाऊ,” योगेश म्हणाला.

“जिजाजी, दोन वर्षं मी कुणासाठी बदलला नाही,” चंदन म्हणाला. “आता हिच्यासाठी बदलला तर ती स्वतःच भांडेल.”

“भांडेनच,” तेजस्विनी नाक ओढत म्हणाली. “मला खरंखुरं जायचंय पलीकडे. चिटिंग करके नहीं.”

अप्पांनी हत्ती हातात घेतला. वास घेतला. डोळे बारीक केले.

“हस्तिदंत!”

“नाही अप्पा,” नीलेश म्हणाला, “तो तर सा...”

“मला माहीत आहे, हस्तिदंताला कायद्यानं बंदी आहे. म्हणूनच तुम्ही लपवताय. असो, तो वेगळा गुन्हा. हा राहतो कुठे?”

“नळावरच्या खिडकीत,” तेजस्विनी म्हणाली. “माडीवर पत्रा तापतो, म्हणून त्याला खाली गार जागी ठेवतो. गुंजाबाई वर माझ्या कंपासपेटीत असते, कापसात.”

“मग मुद्देमाल जागेवर ठेवून ये. घटनास्थळ जसं होतं तसं पाहिजे मला. जवाईबापू, तुम्ही हत्तीला हात लावू नका.”

“मी कधीच लावत नाही,” योगेश म्हणाला, आणि हे अगदी खरं होतं. त्याच्या बोटांना बारा महिने केळीचा चीक असायचा, काळा आणि हट्टी, आणि मेहुणीनं पहिल्याच दिवशी त्याला पटापासून हातभर लांब बसवलं होतं.

तेजस्विनीनं हत्ती खिडकीत ठेवला. अप्पांनी चष्मा खिशात ठेवला आणि नळ सोडला. योगेश दाराबाहेर टॉवेल घेऊन उभा राहिला. आतून फेसाचा मऊ आवाज येत होता आणि त्यात अप्पांचं गुणगुणणं.

“आता लागतो मागे,” अप्पा बाहेर आले.

पहिला तर्क त्यांनी उभ्या उभ्याच मांडला. “हत्तीला वास कशाचा येतो?”

“चंदनाचा,” तेजस्विनी म्हणाली.

“ऐका! माझी लेक स्वतः नाव घेते आहे!” अप्पांनी बोट रोखलं आणि सगळ्यांनी चंदनकडे पाहिलं. “चंदनाचा वास! जिथे चंदन, तिथे चंदन!”

“अप्पा, वो तो उसमें पहलेसेच...” नीलेश म्हणाला.

“पहिल्यापासूनच! म्हणजे कट जुना आहे! चंदन, तू मागावरचा माणूस. कापड आटतं कसं हे तुला ठाऊक. हत्ती तू आटवलास.”

“मी काहून आटवीन, अप्पा? मला काय मिळणार?”

“सांगतो. तेजस्विनीनं नदीच्या अलीकडेच राहावं, पलीकडे जाऊच नये, असं तुला वाटतं.”

चंदनचे कान केळफुलासारखे लाल झाले. तेजस्विनीनं एकाएकी वाळ्याचं नक्षीकाम तपासायला घेतलं. सुलभाताईंनी सुईत दोरा ओवता ओवता दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि दोरा चुकला.

त्या दिवसभरात अप्पांचा हा एकच तर्क खरा होता, आणि तोच त्यांनी पुढच्या मिनिटाला सोडून दिला.

“नाही,” ते म्हणाले, “याच्या बोटांवर रंधा फिरवल्याच्या खुणा नाहीत. चुकलं. धुऊन येतो.”

नळ. फेस. टॉवेल.

“नीलेश!” अप्पा परत आले ते गरजतच. “हत्ती तू कोरलास?”

“हो अप्पा. मी दुपारपासून तेच सांगून राह्यलो ना. तो हत्ती म्हणजे सा...”

“सात!” अप्पांनी मांडीवर थाप मारली. “बरोबर! लिहा जवाईबापू! हत्ती एक नाही, सात आहेत! उतरत्या मापाचे! मोठा काढायचा, त्याच्याहून बारीक तिथे ठेवायचा. पुन्हा काढायचा, पुन्हा ठेवायचा. जगाला वाटतं हत्ती आटतोय. हत्ती आटत नाही, हत्ती बदलतोय!”

“सात हत्ती?” नीलेश हतबल झाला. “अप्पा, एक कोरताना मला दोन टाके पडले. ये देखो.”

अप्पांनी बोटावरचे टाके पाहिले, मोजले, आणि विचारात पडले. “सात हत्तींना चौदा टाके पाहिजेत,” ते शेवटी म्हणाले. “हिशोब बसत नाही. धुऊन येतो.”

“अहो, कातडं निघेल हातांचं,” सुलभाताई म्हणाल्या.

“सत्य निघाल्याशी कारण,” अप्पा म्हणाले आणि गेले.

पोरं माडीवर गेली. त्यांचा शास्त्रीय अंदाज असा होता की हे सगळं उन्हाळ्याचं काम आहे. या उन्हात तापी आटते, तिथे हत्तीचं काय. पण अप्पांनी ऊन हा संशयित तपासावरून काढून टाकला, कारण त्याची उलटतपासणी घेता येत नाही. आता त्यांनी निरोपसमारंभात मिळालेली पितळी कॅलिपर बाहेर काढली. हत्ती मोजला. दोन इंचाला पाच सूत, म्हणजे इंचाचे पाच अष्टमांश, कमी. योगेशनं लिहून घेतलं. मुद्देमाल जागेवर गेला. मग अप्पांनी उंदराचा तर्क काढला, तो दाताच्या खुणा नसल्यानं फसला, हात धुतले. पालीचा काढला, तो पालीच्या स्वभावात बसेना, हात धुतले. मग भ्रमाचा काढला, म्हणजे हत्ती आहे तेवढाच आहे, आपणच मोठे होत चाललो आहोत, आणि हा तर्क त्यांना इतका आवडला की तो फसल्यावर त्यांनी दोनदा हात धुतले. मग पुन्हा कॅलिपर लावली.

“जवाईबापू!” त्यांचा आवाज बसला. “एक सूत आणखी गेलं. तासाभरात! आणि हा पाहा, हत्तीला घाम फुटलाय. ओलाचिंब आहे. हातातून निसटतोय. घाबरलाय बिचारा! त्यानं गुन्हेगाराला पाहिलंय!”

योगेशनं लिहिलं: हत्तीस घाम.

“म्हणजे गुन्हेगार आत्ता, या घडीला, या घरात आहे. नळापाशी आहे.” अप्पांनी चष्मा लावला आणि सावकाश बोळीत नजर फिरवली. “पोरं वर आहेत. रंजिता स्वयंपाकघरात आहे. तुमच्या सासूबाई यंत्रावरून हललेल्या नाहीत. नळापाशी गेल्या तासाभरात दोनच माणसं होती.”

“हो,” योगेश म्हणाला.

“त्यातला एक मी.”

“हो.”

“मी तर मीच आहे.”

योगेशच्या हातातलं पेन थांबलं. सासऱ्याची नजर त्याच्या बोटांवर होती, चिकानं काळ्या पडलेल्या बोटांवर.

“केळीचा चीक,” अप्पा हलक्या, दुःखी आवाजात म्हणाले, “कापडावर पडला तर डाग सात जन्म जात नाही. हस्तिदंतावर पडला तर काय होत असेल? चार वर्षं मी तुम्हाला जवळ उभं केलं. टॉवेल दिला हातात. जवाईबापू, का केलंत?”

“अप्पा, मी फक्त टॉवेल धरतो!”

“सगळे गुन्हेगार काहीतरी फक्त धरूनच असतात. सुलभा! पोरांनो! खाली या! गुन्हेगार सापडला आणि घरचा निघाला!”

सगळे धावले. योगेश टॉवेल घेऊन दाराशी उभा, चेहरा असा की लग्नात हारासाठी मान वाकवावी आणि हार दुसऱ्याच्या गळ्यात पडावा. रंजिता स्वयंपाकघरातून झारा घेऊन आली, “माझ्या नवऱ्याला काय म्हणालात?” असं विचारत. अप्पांनी पुरावे मांडले. चीक, टॉवेल, घाम.

सुलभाताईंनी ऐकून घेतलं. मग त्या बोळीत गेल्या. नळावरच्या साबणदाणीतली हिरवी वडी त्यांनी उचलली आणि बाहेर आणून सगळ्यांना दाखवली. तिच्यावरची अक्षरंसुद्धा पुसली नव्हती.

“दीड महिना झाला,” त्या म्हणाल्या. “या घरात एक माणूस दिवसातून दहा वेळा हात धुतो. आणि वडी कोरी. सांगा बरं, तो माणूस हात धुतो कशानं?”

“साबणानं,” अप्पा म्हणाले.

“कोणत्या?”

“तोच की. पांढरा. खिडकीत असतो तो. हाताला छान बसतो, मध्ये जरा उंचवटा आहे, पुढे धरायला दांडीसारखं...”

ते थांबले.

नळाचा एक थेंब पडला, तो सगळ्यांना ऐकू आला. मग सुलभाताईंनी नवऱ्याचा उजवा हात धरला आणि लेकीच्या नाकाशी नेला.

“चंदन,” तेजस्विनी हळूच म्हणाली.

“साबण!” नीलेश किंचाळला. “साबण! साबण! साबण म्हणून राह्यलो मी दुपारपासून! चंदनाच्या साबणाचा हत्ती आहे तो! छोटासा तुकडा गुंजाबाई, बाकी पूरा हत्ती!”

“मी चष्मा खिशात ठेवतो,” अप्पा म्हणाले. एवढंच म्हणाले. आणि झोपाळ्यावर जाऊन बसले, पण झोपाळा हलवला नाही.

चंदन हसायला लागला होता, तो थांबला. तेहेतीस वर्षं इंचइंच मोजलेला हा माणूस एकाएकी दोन-आठमधून दोन-चारमध्ये गेल्यासारखा दिसत होता.

योगेशनं वही उघडली. आज पहिल्यांदाच त्याला सहायक म्हणून नाही, नुसतं माणूस म्हणून ती वाचाविशी वाटली. दीड महिन्यात नऊ प्रकरणं. तेजस्विनीची डाव्या पायाची चप्पल. तेजस्विनीची पाण्याची बाटली. तेजस्विनीच्या प्रमाणपत्रांची फाइल, जी अप्पांच्याच कपाटात, अप्पांनीच जपून ठेवलेली सापडली. तिची छत्री. तिचा कंगवा. तिच्या बॅगेची किल्ली. त्याआधी वर्षभरात मिळून प्रकरणं होती दोन. आणि नऊतलं पहिलं ज्या तारखेचं होतं, त्या दिवशी नागपूरचं पत्र आलं होतं. बापानं दीड महिना लेकीची एकेक वस्तू हरवल्याचं जाहीर केलं, शोधून दिली, आणि प्रत्येक वेळी त्यासाठी तिचा हत्ती थोडा थोडा झिजवला.

त्यानं वही मिटली. काही गोष्टी सहायकानं वाचून दाखवायच्या नसतात.

“अप्पा, जाऊ द्या ना,” तेजस्विनी त्यांच्याशेजारी बसली. “गुंजाबाई राहील काठावर. काय बिघडलं?”

“बिघडलं,” अप्पा म्हणाले. “माझ्यामुळे तुझं जाणं अडायला नको. कुठलंच.”

सुलभाताई पुन्हा यंत्रावर बसल्या होत्या. उसवलेलं पोलकं त्यांनी उजेडात धरलं.

“कापड आटलं तर वाढवता येत नाही,” त्या दोऱ्याला दात लावत म्हणाल्या, “पण आटलेलं पोलकं वाया थोडंच जातं? धाकटीला होतं. हत्ती मोठा होत नसेल तर बाईला बारीक करा.”

चंदननं आधी सुलभाताईंकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. “वाहन स्वारापेक्षा एक माप मोठं पाहिजे,” तो पुटपुटला. “हत्ती लहान. स्वार जर इवला असेल...” मग मोठ्यानं, “नियमात बसतं! स्वारानं बारीक होऊ नये असं कुठेच लिहिलेलं नाही!”

“गुंजाबाईपण साबणाचीच आहे,” नीलेश म्हणाला.

सगळे अप्पांकडे वळले.

“कोरून नाही व्हायचं हे,” नीलेश म्हणाला. “तुकडा उडाला तर नाकच जाईल. हळूहळू, सगळीकडून सारखं, गुळगुळीत झिजवता यायला पाहिजे. असा हात बुऱ्हाणपुरात एकच आहे, अप्पा.”

अप्पा उठले. त्यांनी चष्मा काढला नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते चष्मा लावून नळावर गेले. तेजस्विनीनं कापसातून गुंजाबाई काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली. योगेश टॉवेल घेऊन उभा राहिला, या वेळी दाराच्या आत.

“पण ‘इवलं’ची बांगडी नाही आपल्याकडे,” चंदन म्हणाला. “कितीपर्यंत झिजवायचं?”

अप्पांनी हाताला फेस केला. त्यांच्या उजव्या अनामिकेत एक अंगठी होती, लग्नातली. ती बोटात रुतून बसल्याला वीस वर्षं झाली होती. तेल लावून, दोरा गुंडाळून, सोनाराकडे जाऊन झालं होतं, निघाली नव्हती. इतके दिवस चंदनाचा फेस खाऊन, की बोटच झिजून, की आज तिच्या मनात होतं म्हणून, ती सर्रकन निघाली आणि साबणदाणीत वाजली.

“हे घ्या माप,” अप्पा म्हणाले. “हिच्यात मावली की सांगा.”

दिवेलागणीपर्यंत ते धूत होते. मधून मधून योगेश अंगठी पुढे करायचा, अप्पा गुंजाबाईला तिच्यात उभी करून बघायचे. पदर अडायचा. पुन्हा धुवायचे. एका बाजूला सुलभाताईंनी मावा जलेबीची पुडी सोडून ठेवली होती, पण हाताला साबण, म्हणून तेजस्विनी बापाच्या तोंडात एकेक तुकडा घालत होती. शेवटी गुंजाबाई अंगठीच्या मधोमध उभी राहिली. नाक थोडं पुसट झालं होतं, पण ताठा तोच.

“इवली!” चंदननं निकाल दिला.

रविवारच्या डावात, नदी ओलांडण्याआधी गुंजाबाईनं मंतरलेल्या पाण्यानं स्नान केलं, असं सूत्रधारानं सांगितलं. फासे पडले. पूर आला. नीलेशचं वाहन मध्येच बिथरलं आणि तो वाहत गेला; घोरपडीचा शाप लागला म्हणाला. पण ढोल्या चालला. वाळ्याएवढा हत्ती, त्याच्यावर अंगठीएवढी राणी. हातभर लांब बसवलेल्या योगेशनंही श्वास धरला होता. पलीकडच्या काठावर ढोल्यानं पाय टेकला तेव्हा टाळ्या माडीवरून बोळापर्यंत ऐकू गेल्या आणि चंदन बराच वेळ फासे आवरत राहिला, जे तीनच होते.

“नागपूरला रविवारी सुट्टी असते,” तेजस्विनी त्याला म्हणाली. “फोनवर खेळता येतं म्हणतात. नवीन गोष्ट काढ.”

“काढतो,” चंदन म्हणाला, आणि त्याचे कान पुन्हा केळफूल झाले.

सोमवारी गाडी गेली. घरी आल्यावर सुलभाताईंनी यंत्रावरचं फडकं काढलं आणि पायडलला पाय लावायच्या आधी म्हटलं,

“लेक निघाली दूर गावा, हत्ती घेतला कुशीत,
बाप राहिला गं मागं, हात घालून खिशात.”

अप्पांचे हात खरंच खिशात होते. ते झोपाळ्यावर बसले. उजवा हात बाहेर काढून त्यांनी अनामिकेकडे पाहिलं. तिथे एक पांढरा, कोवळा पट्टा होता.

“अहो, अंगठी कुठे तुमची?” सुलभाताईंनी विचारलं.

“जवाईबापू,” अप्पा म्हणाले, “वही काढा. नवं प्रकरण.”

योगेशनं वही काढली. टॉवेलही उचलला.

“टॉवेल राहू द्या,” अप्पा म्हणाले. “लिहा. सोन्याची अंगठी, एक नग, गहाळ. संशयित, कुमारी तेजस्विनी, सध्या मुक्काम नागपूर. संशयित हिनं सदर अंगठी एका साबणाच्या बाईच्या पायाखाली ठेवून नेली असल्याचं गुप्तहेरानं स्वतःच्या डोळ्यांनी, चष्म्यासह, पाहिलं आहे.”

“तरी बोलला नाहीत?” योगेशनं विचारलं.

“मध्ये बोलू नका. लिहा.” अप्पांनी झोपाळ्याला हलकासा रेटा दिला. “मुद्देमाल योग्य जागी आहे. तपास बंद. हात धुण्याची गरज नाही.”